मंगळाचा कल्चर रिपोर्ट

‘परग्रहावर जीव सापडले आहेत, पण नासा ते लपवते आहे.’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती वेळा ऐकले, त्याचा हिशेब नाही. आंतरवासिता करणारी मुले चहा पिताना यावर हिरिरीने भांडतात. ओपीडीत नंबर लागेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसलेले काका रक्तदाब मोजून झाला की हळूच विचारतात, ‘डॉक्टर, खरे-खोटे काय हो?’ मी खगोलशास्त्रज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण या वादाचा गाभा पाहिला तर तो दुर्बिणीचा कमी आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा अधिक आहे. ‘या नमुन्यात जिवंत काही आहे का, आणि असेल तर ते आले कुठून?’ हाच तो प्रश्न. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा रोज सकाळी नेमका हाच प्रश्न सोडवत बसलेली असते.

आधी एक गोष्ट मान्य करू. सरकारे लपवतात. हा संशय घेणाऱ्याला वेड्यात काढणे मला पटत नाही. १९४७ साली अमेरिकेत रॉझवेलजवळ एका माळरानावर विचित्र अवशेष पडले, तेव्हा हवाई दलाने ते हवामान खात्याच्या फुग्याचे असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो बहुधा सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेण्यासाठी सोडलेल्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाचा फुगा होता, हे हवाई दलाने कबूल केले १९९४ मध्ये. म्हणजे लपवले होते, हे खरेच. फक्त जे लपवले ते परग्रहावरचे नव्हते.

वैद्यकाच्या इतिहासातले उदाहरण तर याहून भयंकर आहे. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात माणसे झपाट्याने मरू लागली. किमान ६६ जण दगावले. सरकारने सांगितले, दूषित मांस खाल्ल्याने अँथ्रॅक्स झाला. खरे कारण होते लष्कराच्या जैविक शस्त्रांच्या केंद्रातून हवेत सुटलेले जंतू. रुग्णालयातले कागद गुप्तचरांनी उचलून नेले. पण फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या दोन पॅथॉलॉजिस्टनी शवविच्छेदनातले ऊतींचे नमुने आणि नोंदी जपून ठेवल्या. छातीतल्या लसिकाग्रंथींची अवस्था स्पष्ट सांगत होती की जंतू पोटातून नव्हे, श्वासावाटे गेले आहेत. १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी लष्कराचा दोष मान्य केला आणि १९९३ मध्ये ४२ शवविच्छेदनांचा तपशील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. लपवाछपवी खरोखर होते तेव्हा ती अशी दिसते: कागद गायब होतात, नमुने कोणाला पाहू दिले जात नाहीत आणि अधिकृत कारण प्रत्यक्ष पुराव्याशी जुळत नाही.

आता हीच तपासणी मंगळावर करून पाहू. कारण लपवल्याच्या आरोपात सर्वांत वजनदार, सर्वांत गंभीरपणे घ्यावे असे प्रकरण कुठल्या उडत्या तबकडीचे नाही. ते आहे १९७६ सालच्या व्हायकिंग यानांचे.

त्या वर्षी २० जुलैला व्हायकिंग-१ आणि ३ सप्टेंबरला व्हायकिंग-२ मंगळावर उतरले. दोन्ही जागांमध्ये सहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर होते. दोन्ही यानांवर जीव शोधण्याचे तीन प्रयोग होते. त्यातला एक गिल्बर्ट लेव्हिन यांचा. हे गृहस्थ मूळचे सार्वजनिक आरोग्य खात्यात काम केलेले अभियंते. पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का हे कळायला त्या काळी काही दिवस लागत. (आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी लागतात.) लेव्हिन यांनी युक्ती काढली. जंतूंना असे खाद्य द्यायचे, ज्यातला कार्बन किरणोत्सारी आहे. जंतूंनी ते खाल्ले, की त्यांच्या ‘उच्छ्वासातून’ किरणोत्सारी वायू बाहेर पडेल आणि मोजणी यंत्र टिकटिकू लागेल. डबक्यातल्या पाण्यासाठी शोधलेली ही चाचणी शेवटी मंगळापर्यंत गेली.

माझ्या वयाच्या डॉक्टरांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. क्षयाचे जंतू वाढवण्यासाठी पूर्वी ‘बॅक्टेक ४६०’ नावाचे यंत्र असे. त्याच्या बाटल्यांतही कार्बन-१४ असलेले खाद्य असायचे आणि जंतू वाढले की निघणारा किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजायचे. पोटातल्या हेलिकोबॅक्टरसाठी करतात ती श्वासचाचणीही याच जातीची. थोडक्यात, १९७६ च्या उन्हाळ्यात मंगळाच्या मातीचे कल्चर लावले गेले होते.

आणि ते पॉझिटिव्ह आले. मातीवर पोषक द्रवाचे थेंब टाकताच वायू निघू लागला. एकदा नव्हे, दोन्ही ठिकाणी. मग नियंत्रण प्रयोग झाला: तीच माती १६० अंश सेल्सिअसला तीन तास भाजली आणि मग द्रव टाकला. वायू जवळजवळ बंद. जंतू मेल्यावर जे व्हायला हवे, तेच झाले. उड्डाणापूर्वी ठरवलेल्या निकषांनुसार हा निकाल जीवसृष्टीच्या बाजूचा होता. ‘मंगळावर जीव सापडले होते’ असे म्हणणाऱ्यांचा आधार हा आहे आणि तो पोकळ नाही.

मग नासाने ‘जीव सापडले’ असे जाहीर का केले नाही? इथे वॉर्डातला एक अनुभव सांगतो. तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या रक्ताची बाटली यंत्रात ठेवली आणि यंत्राने पॉझिटिव्हचा इशारा दिला, तरी आम्ही लगेच निदान लिहीत नाही. तंत्रज्ञ बाटलीतला थेंब काचेवर घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कधी कधी तिथे एकही जंतू नसतो. ल्युकेमियाच्या काही रुग्णांत पांढऱ्या पेशी इतक्या प्रचंड असतात, की त्यांनीच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने यंत्र फसते. यंत्र खोटे बोललेले नसते. वायू खरोखर निघालेला असतो. तो कोणी सोडला, एवढाच प्रश्न असतो.

व्हायकिंगवर सूक्ष्मदर्शक नव्हता. पण क्लाउस बीमान यांच्या देखरेखीखालचे एक उपकरण होते, जे मातीत सेंद्रिय पदार्थ आहेत का हे अतिशय सूक्ष्म प्रमाणापर्यंत शोधू शकत होते. जीव असतील तर त्यांची शरीरे, त्यांची मढी, त्यांचा कचरा कुठेतरी असायलाच हवा. उपकरणाला मंगळाचे म्हणता येईल असे काहीच सापडले नाही. सापडली ती क्लोरीनयुक्त दोन साधी संयुगे आणि ती पृथ्वीवर यान धुताना वापरलेल्या द्रावणाची असावीत, असा अर्थ लावला गेला. शिवाय लेव्हिन यांच्याच प्रयोगात खाद्याचा दुसरा डोस दिल्यावर वायू वाढण्याऐवजी थोडा कमी झाला. जंतू पुन्हा जेवायला बसले नाहीत. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की मातीतल्या कुठल्यातरी तीव्र ऑक्सिडीकारक रसायनाने खाद्याचे विघटन केले असावे.

लपवाछपवीची कसोटी इथे लावा. पहिले निकाल १ ऑक्टोबर १९७६ च्या ‘सायन्स’मध्ये छापून आले. यान उतरून अडीच महिनेही झाले नव्हते. लेव्हिन आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया स्ट्रॅट यांचे आकडे, आलेख, शंका, सगळे त्यात होते. १९९७ मध्ये लेव्हिन यांनी उघडपणे मांडले, की तो निकाल जीवसृष्टीचाच होता. २०१९ मध्ये त्यांनी हेच ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या व्यासपीठावर पुन्हा लिहिले. २०२१ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी ते वारले, तोवर ते आपल्या मतावर ठाम होते. त्यांचे तोंड कोणी दाबले नाही. इतर संशोधकांनी तेच जुने आकडे घेऊन, त्यात दिवस-रात्रीची जैविक लय दिसते का, हेही तपासून पाहिले.

पुढचा भाग मला फार आवडतो. २००८ मध्ये नासाच्याच फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडले. हे क्षार थंडीत निवांत पडून असतात, पण तापवले की आजूबाजूच्या सेंद्रिय पदार्थांना जाळून टाकतात आणि त्यातून क्लोरीनची तीच साधी संयुगे तयार होऊ शकतात. व्हायकिंगचे उपकरण माती तापवूनच तपासत होते! म्हणजे १९७६ मध्ये सेंद्रिय पदार्थ कदाचित होतेही, आपणच ते तपासता तपासता जाळले. पुढे क्युरिऑसिटी गाडीला मंगळाच्या प्राचीन खडकांत सेंद्रिय रेणू सापडले आणि तेही नासाने २०१८ मध्ये गाजावाजा करून सांगितले. नासाची जुनी बाजू लंगडी करणारा पुरावा नासाच्याच यानांनी आणला आणि नासानेच छापला. याचा अर्थ लेव्हिन बरोबर ठरले का? नाही. प्रारणांचा मारा झालेले परक्लोरेट स्वतःच त्या खाद्यातून वायू काढू शकते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. पन्नास वर्षांनंतर रिपोर्टवर शेरा तोच आहे, जो आम्ही अनेकदा लिहितो: क्लिनिकल परिस्थितीशी ताडून पाहावे.

कल्चर पॉझिटिव्ह येण्याचे आणखी एक कारण असते आणि ते अधिक सामान्य आहे: भेसळ. सुई टोचण्यापूर्वी त्वचा नीट पुसली नाही, तर रुग्णाच्या रक्ताऐवजी त्याच्या कातडीवरचे जंतू वाढतात. चंद्राच्या बाबतीत बहुधा असेच झाले. एप्रिल १९६७ मध्ये सर्व्हेयर-३ हे यान चंद्रावर उतरले होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी त्याचा कॅमेरा काढून पृथ्वीवर आणला. त्याच्या आतल्या फोमच्या अनेक नमुन्यांपैकी एकातून ‘स्ट्रेप्टोकॉकस मायटिस’ हा जंतू वाढला. पृथ्वीवरून गेलेला जंतू चंद्रावर अडीच वर्षे जगला, अशी कथा पुढे अनेक वर्षे पुस्तकांत छापली गेली. हा जंतू तुमच्या-माझ्या तोंडात या क्षणीही आहे. २०११ मध्ये जॉन रमेल आणि सहकाऱ्यांनी त्या तपासणीची जुनी चित्रफीत काढून पाहिली, तर तंत्रज्ञांच्या बाह्या आखूड, हात उघडे! आमच्या शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरांनी अशा वेशात कोणाला दाराच्या आत घेतले नसते. ही चित्रफीत नासाच्याच संग्रहात होती आणि तपासणारे रमेल स्वतः एके काळी नासात ग्रहांच्या जैविक संरक्षणाची जबाबदारी सांभाळत होते.

आपल्याकडची अशीच एक तपासणी मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००१ मध्ये हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. त्याला निर्जंतुक केलेल्या, अतिथंड नळ्या जोडल्या होत्या. त्यांनी थेट ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. आकाशातून सूक्ष्मजीव सतत पृथ्वीवर पडत असतात, ही फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना तपासायची होती. २००५ मध्ये प्रयोग पुन्हा झाला. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या दोन संस्थांत स्वतंत्रपणे तपासले गेले आणि २००९ मध्ये इस्रोने तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाल्याचे जाहीर केले. एकाला हॉईल यांचे नाव दिले, एकाला इस्रोचे, एकाला आर्यभटांचे. तिन्ही जाती अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या होत्या.

इस्रोला हवे असते तर ‘परग्रहावरचे जीव सापडले’ असा मथळा सहज मिळाला असता. त्याऐवजी निवेदनात स्पष्ट म्हटले होते, की यातून हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. हॉईल हे नारळीकरांचे गुरू. गुरूची कल्पना खरी ठरावी असे त्यांना वाटत नसेल असे नाही. तरीही त्यांनी तेवढेच म्हटले, जेवढे बाटलीत होते. पुढे आर्यभटांच्या नावाचा जीवाणू पृथ्वीवरच्या साध्या जमिनीतही सापडल्याच्या नोंदी झाल्या. मला विचाराल तर ‘लपवणे’ आणि ‘सिद्ध झाले नाही म्हणून न बोलणे’ यांतला फरक समजावणारे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

नासाचा इतिहास पाहिला तर तिथे दोष उलट दिशेचा आहे. ती लपवत नाही, घाई करते. १९८४ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या, मूळ मंगळावरच्या दोन किलोच्या आतबाहेरच्या उल्केत जीवाश्मासारख्या सूक्ष्म आकृत्या दिसल्या. ७ ऑगस्ट १९९६ रोजी नासाने पत्रकार परिषद घेतली आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन बोलले. संशोधन निबंध त्यानंतर आठवड्याभराने छापला गेला. पुढे त्यातला एकेक पुरावा निर्जीव रसायनांनी समजावता येऊ लागला आणि आज फार थोडे शास्त्रज्ञ तो दावा मानतात. डिसेंबर २०१० मध्ये पुन्हा तसेच. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जीवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगतो, असे नासाने समारंभपूर्वक सांगितले. दोन वर्षांत इतर प्रयोगशाळांनी ते खोडले आणि जुलै २०२५ मध्ये ‘सायन्स’ने तो निबंध मागे घेतला. ज्या संस्थेला दरवर्षी संसदेपुढे पैशांसाठी उभे राहावे लागते, ती जीव सापडल्याची बातमी तिजोरीत ठेवून उपाशी का बसेल?

शिवाय लपवायचे म्हटले तर आता एकट्या नासाने भागणार नाही. मंगळाभोवती युरोप, चीन आणि अमिरातीची याने गेली आहेत. आपले मंगळयान २०१४ पासून २०२२ पर्यंत तिथे होते. या सर्वांचे एकमेकांशी किती सख्य आहे, हे रोजच्या पहिल्या पानावर दिसतेच. २०२० मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फीन वायू आढळल्याचा दावा जेन ग्रीव्हज यांच्या गटाने केला, तेव्हा दुर्बिणींची निरीक्षणे दुसऱ्यांनी मागवली, पुन्हा गणिते केली, चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या आकड्यांत प्रमाणीकरणाची चूक निघाली आणि सांगितलेले प्रमाण बरेच खाली आले. हे सारे काही महिन्यांत, सर्वांसमक्ष. मंगळावरच्या ‘मानवी चेहऱ्या’चे १९७६ चे प्रसिद्ध छायाचित्रही नासानेच, सावल्यांचा खेळ असल्याची टीप जोडून प्रसिद्ध केले होते. टीप कोणी वाचली नाही, हा भाग वेगळा.

माझी तक्रार निराळी आहे. पॉझिटिव्ह कल्चरबद्दल शंका आली तर आम्ही काय करतो? नमुना पुन्हा घेतो. दोन हातांतून, दोन वेळा. व्हायकिंगनंतर नासाने मंगळावर जिवंत जंतू थेट शोधणारा एकही प्रयोग पाठवलेला नाही. लेव्हिन वारंवार सुधारित चाचणी सुचवत राहिले. त्यात रेणूंची डावी आणि उजवी रूपे वेगवेगळी देऊन पाहायची होती. जीव सहसा त्यातले एकच निवडतो, निर्जीव रसायनाला दोन्ही सारखीच. ही चाचणी अजून गेलेली नाही. लोक विचारतात, काय लपवले? त्यापेक्षा, पुन्हा का तपासले नाही, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर गुप्त दालनात नाही, अंदाजपत्रकात आहे.

आत्ताच एक नमुना त्याच अंदाजपत्रकात अडकून पडला आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हरन्स गाडीला मंगळावरच्या जेझेरो विवराच्या परिसरात, एका कोरड्या नदीपात्रातल्या खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे विश्लेषण आले. त्या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजे असावीत. पृथ्वीवरच्या चिखलात ती अनेकदा सूक्ष्मजीवांच्या कामातून बनतात, पण त्यांच्याविनाही बनू शकतात. नासाने या वेळी शब्द मोजून वापरले: ‘संभाव्य’ जैवखूण. ती खरी की खोटी, हे ठरवायला तो खडक पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. नमुने आणण्याच्या मोहिमेचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि २०४० साल उजाडेल, हे २०२४ मध्ये नासाने स्वतःच सांगितले होते. २०२५ च्या अंदाजपत्रकात ट्रम्प प्रशासनाने ती मोहीम रद्द करण्याचाच प्रस्ताव मांडला. चीनने आपली त्येनवेन-३ ही मंगळाची माती आणणारी मोहीम २०२८ च्या सुमारास ठेवली आहे, पण ती हा खडक आणणार नाही. त्या ठिपकेदार खडकातून कोरून काढलेला नमुना पर्सिव्हरन्सच्या पोटातल्या एका मोहोरबंद नळीत आहे.